बिनतारी गप्पा : ‘टेंप’ म्हणजे काय?



दिवाळीच्या पॉटलकला हातात प्लेट घेऊन उभा होतो. एक काका जवळ आले आणि म्हणाले, “अरे, तू वाय-फायवाला ना? आमच्या बेसमेंटमध्ये सिग्नल येत नाही बघ. एकदा येऊन बघून जा.” वीस वर्षं नेटवर्कचं काम करतोय, पण मंडळात माझी ओळख एवढीच. पार्टीत डॉक्टरांना लोक गुडघे दाखवतात, मला राउटर दाखवतात. तक्रार नाही हं! पुढच्याच शनिवारी काकांचं काम करून दिलं आणि काकूंच्या हातचं थालीपीठ खाऊन आलो.

पण परतताना गाडीत मनात आलं, की ‘बेसमेंटमधला सिग्नल’ या विषयानं गेल्या हिवाळ्यात आपली झोप उडवली होती. या अंकात त्याचीच हकीकत सांगतो. थोडी तांत्रिक आहे, पण तांत्रिक भाग आमटीतल्या आमसुलासारखा आहे, चावायची गरज नाही. आणि ही गोष्ट शेवटी सांगलीला आमच्या घरी जाऊन पोचते, तेव्हा धीर धरा.

आमच्या कंपनीकडे एका इस्पितळाच्या नेटवर्कचं काम आहे. नाव-गाव सांगत नाही. ॲन आर्बरहून गाडीनं पाऊण तास, एवढं पुरे. तिथे छताला चारशेच्या वर पांढरे चपटे डबे लावलेले आहेत. त्यांना ॲक्सेस पॉइंट म्हणतात. प्रत्येक डबा म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच. नर्सबाईंचा फोन, डॉक्टरांचा टॅब्लेट, औषधांची गाडी, पेशंटला भेटायला आलेल्या नातवाचा व्हिडिओ गेम, सगळं या डब्यांतून जातं. आता चारशे स्टेशनं एकाच इमारतीत एकाच वेळी ओरडायला लागली तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. म्हणून त्यांच्यावर एक कंट्रोलर असतो. आपल्याकडे कार्यालयातल्या लग्नात वाढपी चाळीस असतात, पण कुठल्या पंगतीला काय, कधी आणि किती वाढायचं हे ठरवणारा एक मामा असतो ना? कंट्रोलर म्हणजे तो मामा. कोणी कुठल्या चॅनेलवर बोलायचं, किती जोरात बोलायचं, कोणाला आत घ्यायचं, हे सगळं तो ठरवतो.

या इस्पितळातल्या मामाचं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्याचं नाव एअरओएस. सिस्कोनं २००५ साली एअरस्पेस नावाची कंपनी विकत घेतली, तिच्याकडून आलेला हा वारसा. नावातलं ‘एअर’ तिथलंच. पुढे कितीतरी वर्षं विद्यापीठं, इस्पितळं, विमानतळ यावर चालले. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये सिस्कोनं कॅटलिस्ट ९८०० नावाचे नवे कंट्रोलर आणले. त्यांचं सॉफ्टवेअर अगदी वेगळं, आयओएस-एक्सई. एअरओएसची गाडी ८.१० या आवृत्तीवर थांबली.

तुम्ही म्हणाल, चालतंय ना, मग कशाला हलवायचं? माझे बाबाही असंच म्हणायचे. कारणं दोन. पहिलं सुरक्षेचं. सॉफ्टवेअरचा सांभाळ बंद झाला की नव्यानं सापडलेली भोकं बुजवायला कोणी उरत नाही, आणि इस्पितळात पेशंटची माहिती असते. दुसरं कारण जागेचं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकन सरकारच्या एफसीसीनं ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वाय-फायला मोकळा करून दिला. दोन लेनच्या रस्त्याशेजारी एकदम नवा हायवे मिळावा तसं झालं. पण त्या हायवेवर चालणारे सिस्कोचे नवे ॲक्सेस पॉइंट जुन्या एअरओएसला ओळखत नाहीत. नवे डबे हवेत तर मामाही नवा हवा.

नेटवर्क हे पाण्याच्या नळासारखं आहे. येत असतं तोवर कोणी त्याकडे बघत नाही. ऑगस्ट २०२३ आपल्या ॲन आर्बरकरांना आठवत असेल. रविवारी २७ तारखेला, म्हणजे वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, मिशिगन विद्यापीठानं सुरक्षेच्या कारणासाठी कॅम्पसचं इंटरनेट स्वतःहून तोडलं, आणि ते परत जोडायला बुधवार उजाडला. त्या तीन दिवसांत कितीतरी घरांत आईबाबांना कळलं, की पोरांच्या वह्या, वेळापत्रकं, गृहपाठ सगळं त्या एका तारेपलीकडे आहे. विद्यापीठाचं हे. इस्पितळात तर तीन मिनिटंसुद्धा जास्त.

तेव्हा हलवायचं कसं, हा प्रश्न. दोन पद्धती आहेत, आणि दोन्हींची उदाहरणं इंटरनेटच्या इतिहासात आहेत. पहिली म्हणजे एक दिवस ठरवायचा आणि सगळ्यांनी एकदम बदलायचं. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटवर हेच झालं. एनसीपी नावाची जुनी भाषा बंद, टीसीपी/आयपी ही नवी चालू. आज आपण वापरतो ते इंटरनेट याच भाषेत बोलतं. त्या बदलातून आपण जगलो वाचलो असं लिहिलेले बिल्ले तेव्हाच्या इंजिनिअरांनी छातीवर लावले होते. यावरून काय ते समजा!

दुसरी पद्धत आपल्या गावात वापरली गेली. मेरिट नेटवर्क ही मिशिगनच्या विद्यापीठांनी १९६६ साली काढलेली संस्था. नोव्हेंबर १९८७ मध्ये तिला आयबीएम आणि एमसीआयच्या साथीनं एनएसएफनेटचं काम मिळालं, आणि देशाचा इंटरनेटचा कणा इथून, ॲन आर्बरमधून, चालवला जाऊ लागला. आधी त्याचा वेग सेकंदाला ५६ हजार बिट होता. जुलै १९८८ मध्ये टी-१ आलं, सेकंदाला १५ लाख बिट. मग १९९१-९२ मध्ये टी-३, सेकंदाला साडेचार कोटी. टी-१ वरून टी-३ वर जाताना काही काळ दोन्ही कणे बाजूबाजूनं चालू ठेवले आणि वाहतूक हळूहळू नव्यावर नेली. ३० एप्रिल १९९५ ला एनएसएफनेटनं काम थांबवलं, तोवर खाजगी कंपन्यांची जाळी उभी राहिली होती.

आम्ही अर्थातच दुसरी पद्धत घेतली. जुना मामा आणि नवा मामा काही आठवडे शेजारी शेजारी बसवले. दोघांना एकमेकांशी बोलता येतं, त्यामुळे नर्सबाई बोलत बोलत जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत गेल्या तरी फोन तुटत नाही. एकेक इमारत रात्रीची हलवायची, सकाळी बघायचं, मग पुढची.

खरं काम मात्र डबे हलवण्याचं नव्हतं. ते होतं जुन्या वहीतलं नव्या वहीत उतरवण्याचं. एअरओएसमध्ये सेटिंग्ज एका पद्धतीनं लिहिलेली, नव्यात पद्धतच दुसरी. नव्यात प्रत्येक डब्याला तीन चिठ्ठ्या लावतात, त्यांना टॅग म्हणतात. पहिल्या चिठ्ठीवर कुठली नेटवर्कं द्यायची आणि कुठल्या नियमांनी, दुसरीवर डबा कुठल्या जागेचा, मुख्य इमारतीतला की दूरच्या शाखेतला, आणि तिसरीवर रेडिओ किती जोरात आणि कुठल्या वेगानं बोलणार. चिठ्ठी लावायला विसरलात तर मामा स्वतःच्या मनानं एक लावतो, आणि मग नको ते नेटवर्क नको तिथे दिसायला लागतं. जुनी वही टाकली की नवी काढून देणारं साधनही सिस्कोनं दिलेलं आहे. ओळीला ओळ भाषांतर करतं. जे जमत नाही ते बाजूला काढून दाखवतं. काम बरं करतं.

जुन्या यंत्रांची एक गंमत सांगतो. काही जुने ॲक्सेस पॉइंट नवं सॉफ्टवेअर घेताना त्याच्यावरची सही ज्या डिजिटल प्रमाणपत्रावरून तपासतात, त्याची मुदत ४ डिसेंबर २०२२ ला संपली. त्यानंतर ते डबे ‘उतरवतोय, उतरवतोय’ म्हणत तिथेच अडकून बसायची शक्यता निर्माण झाली. कंपनीनं रीतसर सूचना काढली आणि एक उपायही सांगितला, की कंट्रोलरचं घड्याळ थोडा वेळ त्या तारखेच्या मागे न्या, डब्यांना सॉफ्टवेअर घेऊ द्या, मग घड्याळ परत आजवर आणा. इतकी शहाणी यंत्रं, आणि त्यांना फसवायला घड्याळाचा काटा मागे फिरवायचा! मी हे वाचून खूप हसलो होतो. वर्षानुवर्षांपूर्वी कोणीतरी काहीतरी ठरवून ठेवतो आणि ते आपल्यापुढे भलत्याच वेळी येऊन उभं राहतं, हे त्यात होतंच. मला ते दिसलं नाही, हसण्यातच गेलं.

तर भाषांतर करून आलेली वही मी ओळ न् ओळ वाचत होतो. जुन्या इमारतीच्या बेसमेंटमधल्या ९ डब्यांसाठी एक वेगळंच रेडिओ सेटिंग होतं. नाव ‘बेसमेंट-टेंप’. त्यात सेकंदाला १ आणि २ मेगाबिट हे अगदी हळू वेग चालू ठेवलेले होते. बाकी साऱ्या इस्पितळात ते बंद.

आता हळू वेग बंद का करतात ते सांगतो. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. एखादा सेकंदाला १ मेगाबिटनं बोलायला लागला की त्याचं संपेपर्यंत बाकीचे गप्प. आपल्या वार्षिक सभेत एक वक्ते दोन-दोन शब्दांनी थांबत बोलतात, आणि समोसे गार होतात, तसं. म्हणून जाणकार लोक सांगतात, जुने हळू वेग बंद करून टाका. ते बहुतेक ८०२.११बी या १९९९ सालच्या पद्धतीसाठी असतात. मी २००३ साली सांगलीच्या वालचंदमधून एमएस करायला इथे आलो, तेव्हा माझ्या लॅपटॉपमध्ये खोचायचं कार्ड होतं ते याच पद्धतीचं. जास्तीत जास्त ११ मेगाबिट, आणि तेव्हा ते केवढं भारी वाटलं होतं! आज असलं कार्ड कोण वापरतंय?

आणि नाव तर बोलकं होतं. ‘टेंप’ म्हणजे टेम्पररी. कोणीतरी कधीतरी तात्पुरतं काहीतरी केलं आणि काढायचं विसरलं. तारीख पाहिली तर २०१२. माझ्या मनात आलं, बघा, अमेरिकेतही तात्पुरतं म्हणजे कायमचंच की! ती ओळ मी काढून टाकली आणि त्या ९ डब्यांना बाकी इमारतीचीच चिठ्ठी लावली. वही कशी स्वच्छ दिसायला लागली. हे सेटिंग करणारे गृहस्थ निवृत्त झाले होते. इस्पितळापासून वीस मिनिटांवर राहतात आणि त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एवढ्याशा गोष्टीसाठी कुठे फोन करायचा, म्हणून केला नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री ११ ते १ या वेळात शेवटचा टप्पा होता, जुनी इमारत आणि तिचं बेसमेंट. मी घरूनच करत होतो. एक वाजता पडद्यावर सगळे डबे हिरवे. लॅपटॉप मिटला, दूध गरम करून प्यायलो आणि झोपलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन. इस्पितळाच्या औषधविभागातल्या ड्यूटीवरच्या बाई बोलत होत्या. आवाज शांत, पण घाई कळत होती. म्हणाल्या, “तुमचं काम झालं आणि आमच्या फ्रिजचं तापमान दिसेनासं झालंय. अकराच्या अकरा.”

फ्रिज म्हणजे आपले दूध-भाजीचे नव्हेत. लसी, इन्शुलिन, आणखी कितीतरी औषधं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. प्रत्येक फ्रिजमध्ये एक छोटं यंत्र तापमान मोजतं आणि वाय-फायवरून कळवत राहतं. औषध बिघडलं तर रंग बदलेल, वास येईल असं नसतं. त्याचा भरवसा फक्त त्या नोंदीवर. नोंद तुटली, की हे औषध पेशंटला द्यायचं की टाकायचं, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मी लॅपटॉप उघडला. सगळं हिरवं! डबे चालू, मामा खूष. हीच तर मेख होती. जो आत येऊच शकत नाही तो पंगतीत दिसतच नाही, मग उपाशी कोण राहिलं ते मामाला कसं कळणार? बायकोला एवढंच म्हणालो, “जाऊन येतो,” आणि निघालो. यूएस-२३ वर बर्फ पडत होतं, पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. त्या पाऊण तासाला सव्वा तास लागला.

बेसमेंटमध्ये त्या बाई हातात क्लिपबोर्ड घेऊन एका फ्रिजकडून दुसऱ्याकडे जात होत्या. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक फ्रिजचा साधा थर्मामीटर वाचायचा, वेळ लिहायची, आकडा लिहायचा, सही करायची. माझा फोन ठेवल्यापासून त्यांनी हे सुरू केलं होतं. मला बघून थांबल्या नाहीत. मान हलवली आणि पुढच्या फ्रिजकडे गेल्या. खरं सांगतो, त्या रात्री ती औषधं वाचली ती त्यांच्या पेन्सिलीमुळे.

मी एक यंत्र हातात घेऊन उलटं केलं. मागच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरांत ८०२.११बी. पोटात खड्डा पडला. माझ्या जुन्या कार्डाचा सख्खा भाऊ. त्याला फक्त जुने वेग येत होते, आणि त्याला समजणारे सगळे वेग मी स्वच्छतेच्या नावाखाली बंद केले होते.

मग त्या ९ डब्यांसाठी जुने वेग चालू असलेलं वेगळं सेटिंग परत तयार केलं, नवी चिठ्ठी लावली. चिठ्ठी बदलली की डबा कंट्रोलरपासून सुटून परत जोडला जातो, तेवढी दोन-चार मिनिटं वर्षासारखी गेली. मग एकेक फ्रिज पडद्यावर परत आला. अकरावा दिसला तेव्हा चार वाजायला आले होते. बाईंनी आणखी एक फेरी हातानं केली, पडद्याशी आकडे ताडून पाहिले, आणि मग कॉफी घेतली. एकही औषध टाकावं लागलं नाही.

सकाळी आठ वाजता मी त्या निवृत्त गृहस्थांना फोन केला. ‘बेसमेंट-टेंप’ म्हणताच ते हसले. म्हणाले, “अरे, ते फ्रिज. टेंप म्हणजे टेंपरेचर. लिहून ठेवायला हवं होतं मी.”

टेंपरेचर! मी टेम्पररी समजलो. दोन्हींची सुरुवातीची अक्षरं तीच. त्यांनी लिहून ठेवलं नव्हतं हे खरं, पण मी विचारलं नव्हतं हे जास्त खरं. दोष ना यंत्राचा, ना कंपनीचा, ना इस्पितळाचा. माझा. सोमवारच्या बैठकीत मी तसंच सांगितलं.

परतीच्या वाटेवर बर्फ थांबलं होतं. आणि मला सारखं सांगलीच्या घराचं मीटर-बोर्ड आठवत होतं.

आमचं घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. मी २००३ साली इकडे आलो. जुलै-ऑगस्ट २००५ मध्ये कृष्णेला मोठा पूर आला. बाबांना फोन केला तर म्हणाले, “पाणी आलं आणि गेलं. तू अभ्यासाकडे लक्ष दे.” परदेशातल्या मुलांना आईवडील सांगतात ते एवढंच, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या पुरानंतर बाबांनी मीटर, मेन स्विच, फ्यूज सगळं उचलून वर, हात उंच केल्याशिवाय पोचणार नाही अशा जागी घेतलं. हे मला कधी सांगितलं नाही आणि मी सुट्टीत गेल्यावर विचारलं नाही. बाबा २०१२ साली गेले.

२०१७ मध्ये घर भाड्यानं द्यायचं म्हणून डागडुजी काढली. काँट्रॅक्टर पुण्याचा, आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर मालक! तो म्हणाला, “साहेब, हे बोर्ड इतकं वर का घेतलंय? दिसतंय वाईट, आणि हात पण पोचत नाही.” मी म्हणालो, “जुन्या लोकांची पद्धत असेल. घ्या खाली.” ओळ काढून टाकली. वही स्वच्छ. आई तेव्हा नातीच्या बारशासाठी इथेच आली होती, पलीकडच्या खोलीत नातीला झोपवत होती. दार उघडून “आई, ते बोर्ड वर का गं घेतलं होतं?” एवढं विचारायला दहा सेकंदं लागली असती.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या घरात पाणी छातीच्या वर चढलं, आणि ते नवं, सुबक, हाताला येणारं बोर्ड पाण्याखाली गेलं. भाडेकरू आदल्याच दिवशी मिरजेला नातेवाइकांकडे गेले होते. ते राहिले असते आणि वीज चालू असती तर, हा विचार मी आजही पुरा करत नाही. घरातलं सगळं वायरिंग नव्यानं करावं लागलं. आईला फोटो दाखवला तेव्हा ती रागावली नाही. फक्त म्हणाली, “अरे, ह्यांनी मुद्दाम वर घेतलं होतं ते.”

म्हणजे हा धडा मला एकदा मिळाला होता. सांगलीत मिळालेला म्हणून तो घराबद्दलचा आहे असं समजलो. आपलं ऑफिसचं डोकं वेगळं आणि घरचं डोकं वेगळं असतं, ही आपली समजूत.

नव्या वहीत ओळी उतरवायला यंत्र मदत करतं. ओळीमागचं कारण मात्र जुन्या वहीत नसतंच, ते कोणाच्या तरी डोक्यात असतं. ते माणूस असेपर्यंत विचारून घ्यावं लागतं. आता आमच्याकडे प्रत्येक सेटिंगशेजारी एक रकाना आहे, ‘कारण’. तो भरल्याशिवाय काही हलवायचं नाही आणि काही काढायचं नाही. त्या निवृत्त गृहस्थांना आम्ही जेवायला बोलावलं, वही पुढे ठेवली, आणि दोन दुपारी बसून त्यांनी कारणं सांगितली. तीन ओळींचं कारण त्यांनाही आठवलं नाही. तिथे मी लिहिलंय, “कारण माहीत नाही. हात लावण्याआधी दोघांना विचारा.”

आता जाता जाता तुमच्या उपयोगाचं. घरचा राउटर बदलणार असाल तर जुना काढण्याआधी त्याच्यावर काय काय चालतंय याची यादी करा. फोन-लॅपटॉप आठवतात, पण गॅरेजचं दार, थर्मोस्टॅट, प्रिंटर, बेसमेंटमधलं पाणी साचलं की ओरडणारं यंत्र, हे हमखास विसरतात. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिलात तर बहुतेक गोष्टी आपोआप परत जोडल्या जातात. एखादी नाही जोडली, तर राउटरमध्ये सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवलंय का ते बघा. जुन्या यंत्रांना डब्ल्यूपीए-२ च कळतं, आणि दोन्ही एकत्र चालवायची सोय असते. शिवाय अशी यंत्रं बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, तो पट्टा बंद करू नका. आणि सासऱ्यांनी किंवा मुलानं केलेलं एखादं सेटिंग विचित्र वाटलं, तर काढण्याआधी त्यांना फोन करा.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही एक विनंती. जानेवारीत नवी समिती येईल. जुन्या खजिनदारांकडून नुसतं चेकबुक घेऊ नका, एक चहा पाजून ‘असं का करता’ हेही विचारून घ्या. हॉलचं भाडं दोन हप्त्यांत का देतो, याला काहीतरी कारण असणारच!

आई आता इथेच असते. हल्ली रविवारी सकाळी चहा घेताना मी वही घेऊन बसतो आणि सांगलीच्या घराबद्दल एकेक विचारतो. माळ्यावरची लोखंडी पेटी का हलवायची नाही, मागच्या दाराला दोन कड्या का. बहुतेक उत्तरं मिळतात. मागच्या रविवारी म्हणाली, “परसातला नळ पूर्ण बंद करू नकोस, थोडा सुटा ठेव.” विचारलं, “का गं?” थोडा वेळ आठवत बसली आणि म्हणाली, “ते ह्यांना माहीत होतं.”

भाडेकरूंना कळवलंय, त्या नळाला हात लावू नका.

पुढच्या अंकात भेटूच. राउटरच्या तक्रारी पॉटलकमध्ये सांगितल्या तरी चालतील, फक्त प्लेट खाली ठेवल्यावर!